रेंज नाही सर

अकरावीला फंक्शन्सचा धडा सुरू करायच्या दिवशी मी फळ्यावर तीन शब्द लिहितो. फंक्शन, डोमेन, रेंज. (साध्या भाषेत: आत काही घातलं की एकच उत्तर देणारा नियम, आत काय काय घालता येतं ते, आणि बाहेर काय काय येतं ते.) मग खडू खाली ठेवतो, हात झटकतो आणि म्हणतो, पुस्तक बंद, यातलं काय काय आधीपासून माहितीये ते सांगा.

फंक्शनला दरवर्षी एकच उत्तर येतं, कुणाच्या तरी हळदीचं. किंवा साखरपुड्याचं. एखादा शहाणा म्हणतो सर गॅदरिंग. डोमेनला कॉम्प्युटरवाली दोन-चार पोरं म्हणतात ते डॉट कॉम असतं ते. आणि रेंज म्हटलं की अख्खा वर्ग उठून बसतो, कारण आमच्या तालुक्यातली निम्मी पोरं डोंगराकडच्या वाड्यांवरून येतात आणि रेंज या विषयावर त्यांचा अभ्यास माझ्यापेक्षा जास्त आहे. आमच्याकडे रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर, आमच्याकडे शाळेच्या मागे एक कांडी, आमच्याकडे बीएसएनएलला येते बाकी कशाला नाही. एका वर्षी एक जण शेवटच्या बाकावरून म्हणाला, "आमच्याकडं रेंजच नाही सर, विषयच संपला." पुढचे दोन महिने वर्गात कुणाला काही आलं नाही की तेच वाक्य, रेंज नाही सर.

आधी मी हसून ते पुसायचो आणि खरी व्याख्या लिहायचो. हल्ली पुसत नाही. कारण 'फोन जिथवर पोचतो तिथवर' हे माझ्या फळ्यावरच्या व्याख्येपेक्षा रेंजच्या बरंच जवळ आहे, आणि हे कळायला मला किती वर्षं लागली ते सांगायलाच हे लिहायला बसलोय.

सोळा वर्षं झाली मला ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवून. त्यातली पहिली दहा-अकरा वर्षं मी डोमेन असं शिकवलं: छेदात शून्य नको, वर्गमुळाच्या आत ऋण नको, लॉगच्या आत शून्यही नको आणि ऋणही नको. झालं डोमेन. या तीन नियमांना पोरं 'तीन नको' म्हणायची. पाठ व्हायचे, गणितं सुटायची, मार्क पडायचे, सीईटीला अकरावीचे २० टक्के प्रश्न येतात त्यातही एखादा हमखास डोमेनवर, तोही सुटायचा. मी खूश, पोरं खूश, पालकांचं तर काय, ते आधीपासूनच खूश.

मग एका घटक चाचणीत मी जरा मजा म्हणून एक सोपा प्रश्न टाकला. सहलीला प्रत्येकी ५०० रुपये वर्गणी आहे, वर्गात ६० मुलं आहेत, एक्स मुलं सहलीला आली तर जमा होणारी रक्कम हे एक्सचं फंक्शन, तर त्याचं डोमेन सांगा. मला वाटलेलं फुकटचे दोन मार्क आहेत. पेपर तपासायला घेतले आणि पहिल्याच गठ्ठ्यात कपाळाला हात लावला. जवळजवळ सगळ्यांनी लिहिलेलं, डोमेन म्हणजे सर्व वास्तव संख्या. एकाने खाली कारणही दिलं होतं, सुवाच्य अक्षरात: छेद नाही, वर्गमूळ नाही, लॉग नाही, म्हणून सगळं चालतं. म्हणजे उणे साडेतीन मुलं सहलीला गेली तरी चालतं. पावणेदोन हजार रुपये उलट आपल्यालाच द्यायचे फक्त.

आधी राग आला. स्टाफरूममध्ये दोघा-तिघांना तो पेपर दाखवून हसूनही झालं. संध्याकाळी घरी चहा घेताना मात्र लक्षात आलं की त्या पोराने काहीच चुकवलेलं नाही, मी जे शिकवलं तेच त्याने शब्दशः केलंय. तीन 'नको' तपासले, एकही सापडला नाही, म्हणून सगळं 'हो'. डोमेन म्हणजे गणिताच्या शेवटी तपासायची भानगड, लग्न ठरल्यावर पत्रिका बघितल्यासारखी, हे मीच त्यांच्या डोक्यात घातलं होतं. खरं तर डोमेन आधी असतं. फंक्शन सांगायचं म्हणजेच आधी हे सांगायचं की इथे कशाबद्दल विचारायची परवानगी आहे, मग प्रत्येक विचारण्याला एक आणि एकच उत्तर काय ते. सूत्र नंतर येतं, कधीकधी येतही नाही.

आता गंमत अशी की हे पोरांना दहावीतच येत असतं, फक्त त्याला नाव नसतं. अंकगणिती श्रेढी आठवते का? ७, ११, १५, १९ असं चाललंय, तर १५० हे या श्रेढीत आहे का. सगळी पोरं सूत्र टाकतात, टी एन बरोबर ए अधिक एन वजा एक गुणिले डी, आणि एन येतो ३६.७५. मग न अडखळता खाली लिहितात, एन नैसर्गिक संख्या नाही म्हणून १५० हे पद नाही. मी विचारतो, का रे, पावणेसदतिसावं पद का नसावं? हसतात. असं कुठं असतं का सर, पावणेसदतिसावं! म्हणजे बघा, छेद नाही, वर्गमूळ नाही, सूत्रात ३६.७५ टाकलं तर सूत्र निमूट १५० देतंय, तरी पोरगं म्हणतंय नाही, हा प्रश्न इथे विचारताच येत नाही. हेच डोमेन की. श्रेढी म्हणजे असं फंक्शन ज्याला फक्त पहिलं, दुसरं, तिसरं, असंच विचारता येतं. दहावीच्या पुस्तकात फंक्शन हा शब्द नसेना का, पोरं वर्षभर ते वापरून आलेली असतात. आणि अकरावीत आम्ही त्यांना इंग्रजीत पहिल्या दिवसापासून ए टू बी बाण काढून असं दाखवतो जणू चंद्रावरून काहीतरी उतरलंय.

(मराठी माध्यमातून सायन्सला आलेल्या पोरांचं तर विचारूच नका. नववीत 'संच' म्हणून झकास शिकलेली गोष्ट अकरावीत 'सेट' झाली की निम्मी पोरं ती पहिल्यांदाच बघितल्यासारखी बघतात. मी एकदा डोमेनला 'प्रांत' म्हणून पाहिलं. लगेच एक जण म्हणाला, प्रांत म्हणजे ते प्रांत ऑफिस ना सर, दाखल्याला जातो ते. हसलो, पण विचार केला तर बरोबरच आहे की. प्रांतसाहेब आपल्या हद्दीतलाच अर्ज घेतात, शेजारच्या हद्दीतला कितीही व्यवस्थित भरलेला असला तरी परत. अर्जात चूक नसते, अर्ज इथला नसतो. छेदात शून्य आलं म्हणून नाकारणं वेगळं आणि हा प्रश्नच इथला नाही म्हणून नाकारणं वेगळं.)

या वेगळेपणावर माझं सगळ्यात आवडतं उदाहरण नऊशे वर्षांपूर्वीचं आहे आणि आपल्याच भास्कराचार्यांचं आहे. चाळीसगावजवळ पाटणादेवीला गेलात तर त्यांच्या घराण्याचा उल्लेख असलेला शिलालेख सांगतात लोक, तेच भास्कराचार्य. ११५० साली त्यांनी सिद्धांतशिरोमणी लिहिला, त्याचा एक भाग बीजगणित. त्यात माकडांचं गणित आहे. माकडांचा एक कळप, त्याचा पाचवा भाग घ्या, त्यातून तीन वजा करा, जे उरेल त्याचा वर्ग करा, तेवढी माकडं गुहेत गेली, आणि एक माकड झाडाच्या फांदीवर दिसतंय. तर कळप केवढा?

वर्गात हे मी पूर्ण सोडवून घेतो. वर्गसमीकरण येतं, एक्स वर्ग वजा ५५ एक्स अधिक २५० बरोबर शून्य, अवयव पडतात, दोन उत्तरं, ५० आणि ५. पडताळा घ्या म्हणतो. पन्नासचा पाचवा भाग दहा, वजा तीन सात, सातचा वर्ग एकोणपन्नास, अधिक फांदीवरचं एक, पन्नास. जमलं. आता पाच. पाचचा पाचवा भाग एक, वजा तीन म्हणजे उणे दोन, वर्ग चार, अधिक एक, पाच. हेही जमलं! पोरं खूश, दोन्ही उत्तरं बरोबर. मग मी म्हणतो बघा की नीट, पाच माकडांच्या कळपाच्या पाचव्या भागातून म्हणजे एका माकडातून तीन माकडं कशी वजा केली? शांतता. मग पुढच्या बाकावरून, सर, माकडं उधार आणली.

भास्कराचार्य दोन्ही उत्तरं देतात आणि म्हणतात दुसरं घेऊ नका, ते जुळत नाही, वस्तू मोजताना ऋण संख्या आली तर लोकांना ती पटत नाही. 'लोकांना पटत नाही' हे त्यांचं कारण मला भयंकर आवडतं. समीकरणाला उत्तर चालतंय, समीकरण माकड बघत नाही, ते फक्त एक्स बघतं. गोष्टीला ते चालत नाही. एकच सूत्र, पण ज्यावर ते उभं आहे ती जमीन बदलली की तेच उत्तर आत-बाहेर होतं. उणे दोनचा वर्ग केल्यावर चार होतो आणि खूण पुसून जाते म्हणून पडताळ्यात पकडताच येत नाही, हे तर त्या गणितातलं खरं बेरकीपण. पोरांना हे एकदा दिसलं की 'तीन नको' किती तोकडे आहेत ते मला वेगळं सांगावं लागत नाही.

पण मला खरं शिकवलं ते भास्कराचार्यांनी नाही, एका अकरावीतल्या मुलीने. एसटीच्या भाड्यावरून.

त्या वर्षी मी नव्या उत्साहात होतो, म्हटलं रोजच्या आयुष्यातली उदाहरणं द्यायची. एसटीचं भाडं घेतलं. एसटीचा टप्पा ६ किलोमीटरचा, जितके टप्पे तितकं भाडं, म्हणून भाडं हे अंतराचं फंक्शन. आलेख काढला, पायऱ्यापायऱ्यांचा. सात किलोमीटर जा नाहीतर अकरा, दोन टप्पे म्हणजे भाडं तेच, म्हणजे वेगवेगळ्या इनपुटला एकच आउटपुट चालतं, पण एका इनपुटला दोन आउटपुट चालत नाहीत. फार छान जमलंय असं मलाच वाटत होतं. तेवढ्यात खिडकीकडच्या बाकावरची एक मुलगी, वर्गात महिन्यातून एकदा बोलणारी, उभी राहिली.

"सर, आमच्या घरचे सगळे परवा एका गाडीनं बाजारला आले. एकाच स्टॉपवर चढलो, एकाच स्टॉपवर उतरलो. पप्पांना फुल तिकीट, मम्मीला हाफ, आजोबा पंच्याहत्तरच्या पुढचे त्यांना फुकट, माझा पास. अंतर एकच. भाडी तीन-चार. मग हे फंक्शन कसं?"

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, अगं त्या सवलती सोड, आपण फक्त नियम बघतोय. बस खाली. ती बसली. घंटा झाली.

हे वाक्य मला अजून टोचतं. महिलांना अर्धं तिकीट मार्च २०२३ पासून आहे, ७५ वर्षांपुढच्यांना मोफत त्याच्या आदल्या ऑगस्टपासून, ५ ते १२ वर्षांच्या पोरांना हाफ तर आपण लहान असल्यापासून. गाडीत चढलेल्यातले निम्म्याहून जास्त लोक ज्या 'सवलती'त बसतात त्या मी सोडून द्यायला सांगत होतो, आणि तेही का, तर माझा पायऱ्यांचा आलेख बिघडू नये म्हणून.

त्याच आठवड्यात मी स्वतः एसटीने साताऱ्याला निघालो होतो. गाडीला ही गर्दी. कंडक्टर मागून पुढे सरकत येत होता, गळ्यात मशीन, आणि मी रिकामा असल्यामुळे त्याचं बोलणं ऐकत होतो. "कुठनं बसला? कुठं जायचंय? ... ताई एकच का? ... बाबा आधार कार्ड दाखवा. ... ह्या पोराचं वय काय? पाचच्या आत? बघू, दात दाखव रे." पुढच्याला तेच. प्रत्येकाला दोन-तीन प्रश्न, मग मशीनवर बोटं, टर्रर, तिकीट. आणि कुठल्याही माणसाला तो दोन भाडी सांगत नव्हता. सगळं ऐकून घेतलं की भाडं एकच.

मी तिथेच सीटवर जवळजवळ ओरडलो. फंक्शन आहेच! अंतराचं नाहीये फक्त. कंडक्टर भाडं सांगायच्या आधी जे जे विचारतो ते सगळं मिळून एक इनपुट आहे: कुठून, कुठे, बाई की बुवा, वय किती, पास आहे का. अंतर हा त्यातला एक तुकडा. मी डोमेन चुकीचं धरलं होतं, त्या मुलीने ते बरोबर पकडलं होतं, आणि मी तिला खाली बसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन आधी तिची माफी मागितली, मग म्हटलं चला, सगळे कंडक्टर व्हा. एकाने प्रवासी व्हायचं, दुसऱ्याने भाडं सांगायच्या आधी प्रश्न विचारायचे, आणि तेवढेच विचारायचे जेवढे लागतात. नाव विचारलंस तर बाद, नावाने भाडं बदलत नाही. खिडकीजवळ बसणार का विचारलंस तर बाद. हे अर्धा तास चाललं, कल्ला झाला, शेजारच्या वर्गातल्या मॅडम डोकावून गेल्या. पण तेव्हापासून मी डोमेन असंच सुरू करतो. उत्तर द्यायच्या आधी तुला काय काय सांगायला लागेल, आणि जे सांगशील ते काय काय असू शकतं? ते डोमेन. आणि मग मशीनमधून कुठकुठली तिकिटं निघू शकतात, ती रेंज. मशीनवर आकडे काहीही दाबता येतात, पण त्या रूटवर सात रुपये तेहेतीस पैशांचं तिकीट कधीही निघणार नाही. मशीनला जे छापता येतं आणि खरोखर जे छापलं जातं यातला फरक, कोडोमेन आणि रेंजमधला तो फरक, परीक्षेला व्याख्या लिहून दोन मार्क मिळवून देतो आणि नंतर कुणाच्याच लक्षात राहत नाही, तो या तिकिटाने तरी राहतो असा माझा अनुभव आहे. सगळ्यांच्या नाही. काही पोरं शेवटपर्यंत विचारतात, सर ते ठीक आहे पण परीक्षेत काय लिहायचं.

रेंज खरं तर डोमेनपेक्षा अवघड, आणि त्यात एक चूक अशी आहे की सोळा वर्षांत एकही बॅच ती न करता गेलेली नाही. एफ ऑफ एक्स म्हणजे एक्सचा वर्ग, डोमेन उणे २ पासून ३ पर्यंत, रेंज काढा. वही न उघडता उत्तर येतं, चारपासून नऊ. उणे दोनचा वर्ग चार, तीनचा वर्ग नऊ, झालं की. मी काही बोलत नाही, फक्त म्हणतो शून्याचं काय रे? मग एकेकाचा चेहरा बघण्यासारखा असतो.

यावर पोरांना पटणारं उत्तर मला आमच्या कॉलेजच्या मागच्या ओढ्यात सापडलं. ओढ्यापलीकडच्या वस्तीवरून पोरं चालत येतात. वस्ती जरा उंचावर, कॉलेज त्याहून उंचावर, मधे ओढा. मी त्यातल्या एकाला विचारलं, तू घरनं निघतोस ती उंची आणि इथे पोचतोस ती उंची, एवढ्यावरून मला सांगता येईल का की वाटेत तू कुठल्या कुठल्या उंचीवर होतास? तो म्हणाला, "न्हाई सर, मधी ओढ्यात उतराय लागतंय, पावसाळ्यात तर पँट वर करून." झालं. उणे दोनपासून तीनकडे चालत निघालं की मधे शून्याचा ओढा लागतो, तिथे पाय भिजतातच. रेंज शून्यापासून नऊपर्यंत. दोन टोकं बघून मधलं ठरवायचं नाही, चालून बघायचं. हे सांगितल्यावरही परीक्षेत चार ते नऊ लिहिणारे निघतात, पण आता कुणीतरी शेजारून हळूच म्हणतो, ओढा विसरला भावा.

अजून एक दुखणं कंसाचं. एफ, मग कंसात एक्स. आजवर कंस म्हणजे गुणाकार शिकलेलं पोरगं त्याला एफ गुणिले एक्स वाचणार नाही तर काय करणार? मग एफ कंसात एक्स अधिक दोन दिसलं की ते आनंदाने उघडतं, एफ एक्स अधिक एफ दोन. चूक आहे, पण लबाडीची नाही, सवयीची आहे. ही खूण ऑयलर या स्विस गणितज्ञाची, १७३४ सालची. मी आता पहिले चार दिवस ती लिहीतच नाही, शब्दांत बोलतो, 'तीनला काय मिळतं?', 'पाचला काय मिळतं?' पाचव्या दिवशी म्हणतो की हे रोज रोज लिहून हात दुखले ना, मग त्या माणसाने हे असं छोटं केलं.

मराठीत फंक्शनला फलन म्हणतात, आणि मला वाटतं हा शब्द आपण उगाच कपाटात ठेवलाय. क्षेत्रफळ, घनफळ, राशिफल, कर्माचं फळ, सगळीकडे आत काहीतरी घातलं त्याचं बाहेर काय आलं हाच अर्थ आहे. लांबी-रुंदी घातली, क्षेत्रफळ आलं. पोरांना हे सांगितलं की निदान दोन जण तरी मान डोलावतात. इंग्रजी शब्द लाइबनिझ या जर्मन गणितज्ञाने १६७३ च्या सुमारास वापरायला घेतला तेव्हा तो वक्ररेषांच्या संदर्भात होता, आजचा अर्थ यायला पुढे दीडशे वर्षं गेली. आणि ती दीडशे वर्षं मोठमोठे लोक ज्यावर भांडले तोच प्रश्न माझ्या वर्गात दरवर्षी येतो: सर, पण सूत्र कुठंय?

ते भांडण तारेवरून झालं. तंबोऱ्याची तार मधे बोटाने ओढून धरा, सोडायच्या आधी बघा, दोन सरळ रेषा आणि मधे एक कोपरा. सोडली की ती कशी हलेल? १७४७ ला दालंबेर या फ्रेंच गणितज्ञाने यावर समीकरण मांडलं आणि म्हणाला, तारेचा सुरुवातीचा आकार एका सूत्रात बसणारा पाहिजे. ऑयलर म्हणाला का बरं, माणसाने तार बोटाने ओढली, ती कोपऱ्यासकट समोर दिसतेय, तिला सूत्र नाही म्हणून ती नाहीच असं कसं म्हणणार? गंमत म्हणजे याच ऑयलरने १७४८ च्या आपल्या ग्रंथात फंक्शन म्हणजे सूत्रच अशी व्याख्या दिली होती, १७५५ च्या ग्रंथात ती सैल केली, एक राशी बदलली की दुसरी बदलते, बस. पुढे डिरिक्ले या जर्मन गणितज्ञाने १८२९ मध्ये असं फंक्शन दाखवलं की संख्या परिमेय (म्हणजे अपूर्णांकात लिहिता येणारी) असेल तर एक उत्तर, अपरिमेय असेल तर दुसरं. आपण आता ती उत्तरं एक आणि शून्य अशी घेतो. त्याचा आलेख काढायला जा, हात लावता येत नाही. डोमेन अख्खी वास्तव संख्यारेषा आणि रेंज फक्त दोन आकडे. एका हुशार पोराने यावर विचारलं होतं, हे काय कामाचं सर? मी म्हटलं, कामाचं नाही, पण कंडक्टर आहे. काहीही विचार, एकच उत्तर देतो.

आणि आता गिरणी.

पाठ्यपुस्तकं, व्हिडिओ, सगळीकडे फंक्शन म्हणजे मशीन असं चित्र असतं, वरून एक्स टाका, खालून उत्तर. मी त्याचं देशी रूप केलेलं, पिठाची गिरणी. गहू टाकला गव्हाचं पीठ, ज्वारी टाकली ज्वारीचं. डोमेन तर पाटीवरच लिहिलेलं असतं: ओलं धान्य घेतलं जाणार नाही, मिरची-मीठ दळून मिळणार नाही. म्हणजे गिरणीवाल्याने आधीच सांगून टाकलं की इथे काय विचारता येतं. तीन वर्षं हे उदाहरण मी मिरवलं. मागच्या वर्षी एक मुलगा तास संपल्यावर थांबला. घरची गिरणी आहे त्याच्या. हातावर, भुवयांवर थोडं पीठ कायमच असतं, सकाळी दळणं उरकून येतो.

म्हणाला, "सर, गिरणी फंक्शन नाही."

म्हटलं का रे?

"बायका येतात ना सर, डबा ठेवायच्या आधी विचारतात, आत्ता कशावर दळताय? ज्वारीवर गहू दळला तर ज्वारी थोडी मिसळते, चपाती चिरते. उपासाचं असलं तर मग काय बघायलाच नको, वरई-साबुदाण्याचं दळण दुसऱ्या कशावर चालतच नाही, पहिल्यांदा थोडं दळून टाकून द्यावं लागतंय. गहू तोच सर, गिरणी तीच, पण पीठ वेगळं येतं. आधी कुणाचं दळण होतं त्यावर असतंय ते."

मी खडू खिशात ठेवला. एक गहू, दोन पिठं. ती मुलगी आणि तिच्या घरचे सगळे एसटीत बसलेले डोळ्यांसमोर आले.

"मग काय करायचं?" मी त्यालाच विचारलं.

तो थोडा वेळ फळ्याकडे बघत राहिला. "इनपुटमध्ये आधीचं दळण पण धरायला लागंल सर. गहू, आणि आधी काय होतं. जोडीनं." मग दाराकडे जाता जाता वळून म्हणाला, "आणि सकाळी पहिलं दळण असलं तर? त्याच्या आधी काय होतं म्हणायचं, कालचं?"

रविवारी मी डबा घेऊन त्याच्या गिरणीवर गेलो. पट्टा फिरत होता, त्याचे वडील पांढरेफटक, आवाजात काही ऐकू येत नव्हतं. मी ओरडून विचारलं, कशावर चाललंय?

ते ओरडून म्हणाले, बाजरीवर, थांबा अर्धा तास, पुढं दोन गव्हाचे डबे हायेत.

मी थांबलो.